चंद्रावरच्या खाणीतले अकरा वार

बापू,

तू जाऊन तीन आठवडे झाले आणि माझा तुझ्यावरचा संशय अजून गेलेला नाही. दारावर, सांत्वनाला, बसायला आलेल्या माणसांत मी एकटाच असा असेन, ज्याचं लक्ष तुझ्या हार घातलेल्या फोटोकडे कमी आणि दुकानामागच्या खोलीकडे जास्त होतं. त्या खोलीत, कागद कापायच्या टेबलावर, तुझा पुठ्ठा अजून उभा आहे का, एवढंच मला पाहायचं होतं. लोक सांगत होते की बापूनं कधी कुणाला फसवलं नाही. मी मान हलवत होतो आणि मनात म्हणत होतो, मला विचारा.

तुला राग येईल. येऊ दे. तू असताना जे भांडण अर्धं राहिलं ते मी आता एकटाच पुढे चालवतोय, त्यामुळे निदान मध्ये बोलता तरी येणार नाही तुला.

आपण काय करत होतो हे शहाद्यात अजून कुणाला नीट सांगता आलेलं नाही. परवा तुझ्या मेहुण्यानंच विचारलं, "तुम्ही रविवारी तिथं पत्ते खेळायचे ना?" मी हो म्हटलं. काय सांगणार? की एका टेबलाभोवती तीन पन्नाशीला टेकलेले पुरुष बसायचे, त्यातला एक सूत्रधार. तो सांगायचा, तुम्ही अमुक जागी आहात, समोर अमुक दिसतंय, काय करता? बाकीचे आपापल्या पात्राच्या वतीनं सांगायचे की दार ढकलतो, पळतो, खोटं बोलतो. जमलं की नाही ते वीस बाजूंचा फासा ठरवायचा; सूत्रधार आपला फासा उभ्या पुठ्ठ्याच्या आडोशाला टाकायचा. आणि सूत्रधाराच्या हातात असायचं एक पुस्तक, ज्यात ती सगळी दुनिया लिहिलेली. कुणी नुसत्या जगाची माहिती लिहितं, कुणी पहिल्या खोलीपासून शेवटापर्यंत आख्खी मोहीम रचून देतं. अशी पुस्तकं जगभर निघतात, आणि चांगलं कुठलं, टुकार कुठलं, हे मराठीत सांगणारं इंटरनेटवरचं एकमेव पान पुरुषोत्तमनगरच्या साखर कारखान्यातला एक केमिस्ट आणि शहाद्याचा एक झेरॉक्सवाला चालवतात, यावर तुझ्या मेहुण्याचा विश्वास बसला नसता.

माझाही बसला नव्हता. लॉकडाऊनमध्ये पुण्याहून आलेला तुझा पुतण्या ह्या खेळाचं एक खोकं इथंच विसरून गेला आणि दुकान बंद, शाळा बंद, झेरॉक्सला कोणी नाही, म्हणून तू ते उघडलंस. तिथून सुरू झालं. फुकट मिळतील ती पुस्तकं उतरवायची, तुझ्या मशिनवर छापायची, स्पायरल मारायचं, खेळायची आणि गुण द्यायचे. वाचताना किती, खेळताना किती, दहापैकी. भुताटकीची, राजवाड्यातल्या कारस्थानांची, अंतराळातली, पोलीस तपासाची, कुठलीही. तू उदार, मी कंजूष. तुला कुठलंही पुस्तक पहिल्या पाच पानांत आवडायचं आणि मला शेवटच्या पाच पानांपर्यंत त्यात कुठंतरी पाणी मुरतंय असं वाटायचं. कारखान्यात येणाऱ्या प्रत्येक उसाच्या गाडीकडे मी त्याच नजरेनं बघतो. रस काढून मोजल्याशिवाय ऊस गोड म्हणायचा नाही.

नियमही मीच केला होता, पहिला आणि सगळ्यात कडक. ज्यानं पुस्तक पानन्‌पान स्वतः वाचलं नाही त्यानं गुण द्यायचे नाहीत. तू तेव्हा हसला होतास. पण तो नियम मी पावरा सरांवर चालवला त्या दिवशी तू हसला नाहीस.

आठवतं? जंगलातल्या प्रवासावरचं ते जाडजूड पुस्तक. पावरा सर तोरणमाळच्या वरच्या अंगाच्या शाळेतले मास्तर, दर रविवारी घाटातून जीपनं खाली यायचे, आपल्यातला तिसरा खेळाडू. त्यांनी ते पुस्तक चाळलं आणि टेबलावर ठेवलं. म्हणाले, "ह्या लेखकाला जंगलात कोणी नेलेलं नाही. रस्ता चुकल्यावर काय काय होतं ह्याची चाळीस पानं आहेत. पाणी कुठं आहे हे एकही माणूस विचारत नाही." मी म्हटलं, ती चाळीस पानं वाचलीत का? ते म्हणाले, नाही, कशाला वाचू? मी परीक्षणातून त्यांचं नाव काढलं. त्यांचं वाक्य मात्र ठेवलं, कारण ते उत्तम होतं. त्यानंतर ते खेळायला येत राहिले, पण गुण पुन्हा कधी दिले नाहीत. तू मला दाराशी गाठून म्हणालास, "अरुण, तुन्हा नियमले डोयाच नही शेत." मी म्हटलं, नियमाला डोळे नसतात म्हणूनच तो नियम असतो. मला वाटलं मी फार हुशारीचं बोललो.

आता खाणीबद्दल.

चंद्रावरची एक बंद पडलेली खाण, आत बिघडलेली खोदाई यंत्रं, आणि त्यांच्यामागे अडकलेली माणसं सोडवायची. मोहिमेचं पुस्तक, पासष्ट पानी. तू सूत्रधार, पावरा सर आणि मी खेळाडू. सलग चार रविवार चाललं. बापू, खरं सांगतो, त्या चार रविवारांइतकं मी कधीच रमलो नाही. पहिल्याच खोलीत ते यंत्र माझ्या पात्रावर चाल करून आलं आणि मी खुर्चीवरून अर्धा उठलो होतो. तू पुठ्ठ्यामागे फासा टाकायचास, क्षणभर थांबायचास आणि म्हणायचास, "हुकलं. कानाजवळून गेलं." मी माझ्या सवयीप्रमाणे वहीत रेघ मारायचो. चौथ्या रविवारी अडकलेली माणसं बाहेर काढली आणि मी तुझ्या पाठीवर थाप मारली. पानावर लिहिलं, 'कठीण, पण न्याय्य. नव्यानं खेळणाऱ्यांनी अवश्य घ्यावी.' खेळताना साडेआठ. माझ्या हातून इतके गुण त्याआधी सुटले नव्हते.

आठ महिन्यांनी मिरजेच्या एका गृहस्थांचं पत्र आलं. आपल्या शब्दावर विसंबून त्यांनी घरच्या मुलांना ती खाण खेळवली होती. पहिल्याच खोलीत चारही पात्रं मेली. त्यांच्या पुतणीचं ते आयुष्यातलं पहिलं पात्र. तिनं त्याचं चित्रही काढलं होतं. ती पुन्हा बसली नाही. त्यांनी फार सभ्यपणे विचारलं होतं, 'आपण ही मोहीम खरोखर खेळला होता का?'

माझा तिळपापड झाला. आधी त्यांच्यावर, मग हिशेब मांडल्यावर तुझ्यावर. वही काढली. पहिल्या खोलीत त्या यंत्रानं माझ्यावर अकरा वार केले होते. अकराही हुकले. पुस्तकात दिल्याप्रमाणे फाशावर आठ किंवा त्याहून जास्त पडलं की वार लागतो. म्हणजे निम्म्याहून जास्त वेळा लागायला हवा. अकरा वेळा ओळीनं हुकणं हे अगदीच अशक्य नाही, पण असा रस माझ्या प्रयोगशाळेत आला असता तर मी नमुना परत मागवला असता.

मग मी जे केलं ते तुला माहीत आहे, पण कसं केलं ते मी कधी सांगितलं नाही. तुझ्याकडचे ते नवे मोठे फासे, आकडे खोल कोरलेले, त्यातला एक मी खिशात टाकून नेला. फाशात वजन भरलेलं असेल तर तो दाट पाण्यात तरंगताना तीच बाजू पुन्हा पुन्हा वर आणतो, हे मी कुठंतरी वाचलं होतं. बाकीचे मीठ घालतात. मी साखर कारखान्याचा माणूस, मी बीकरमध्ये साखरेचा दाट पाक केला. आमचा शिपाई बघत उभा. फासा तरंगला, मी त्याला बोटानं तीसेक वेळा गरगरवलं आणि दर वेळी वेगळाच आकडा वर आला. फासा स्वच्छ. म्हणजे हात लबाड. मला इतका आनंद झाला की त्याची आता लाज वाटते.

पुढच्या रविवारी मी तो गुपचूप परत ठेवला. नळाखाली धुतला होता, तरी तू तो उचललास, अंगठा फिरवलास आणि थांबलास. अंगठा जिभेला लावलास. "हाऊ फासा गोड लागस," म्हणालास. पावरा सर हसले. मी वहीत डोकं घातलं. तू माझ्याकडे बघितलंस, म्हणजे माझ्या दिशेनं चेहरा केलास, आणि विचारलंस, "अरुण, तू मन्हावर संशय लई ऱ्हायना का?"

मी पत्र काढून वाचलं. वही दाखवली. म्हटलं, पुठ्ठा काढ. इथून पुढे फासे उघड्यावर पडतील.

"पुठ्ठा तठेच राही."

"का?"

"तुले खेयनं शे का मोजनं शे?"

मी म्हटलं, आपण परीक्षण करतो बापू, सूत्रधारानं फासा चोरला, पडलेला आकडा दडवला, की गुण पुस्तकाला न मिळता सूत्रधाराला मिळतात, आणि मिरजेची पोरगी रडते. तू फासे एकेक करून डबीत भरायला लागलास. तुझं ते आवरणं मी कबुलीजबाब धरलं आणि चहा न पिता निघालो.

पाच आठवडे मी आलो नाही. तुझे निरोप येत होते. टाइप करायचं तू कधीच सोडलं होतंस, सगळं बोलूनच पाठवायचास. शेवटचा होता, "नवं पुस्तक उनं शे. भुताटकीनं शे. राग सोड, रविवारे ये." मी ऐकला आणि फोन उलटा ठेवला. त्या आठवड्यात शुक्रवारी सकाळी दुकानाचं शटर वर करताना तू खाली बसलास आणि पुन्हा उठला नाहीस. हृदय, म्हणाले डॉक्टर.

तर मी दारावर आलो. तुझ्या पिंकीनं चहा आणून दिला. ती कॉलेज सांभाळून दोन वर्षं दुकान बघतेय, माझ्याशी नेहमी शाळेची मराठी बोलते. मी निर्लज्जासारखा तिला म्हटलं, आतल्या टेबलावर जरा बसू का? तिनं दार उघडून दिलं. मी पहिल्यांदा पुठ्ठ्याच्या तुझ्या बाजूला बसलो. कागदाच्या रिमच्या खोक्याचा तो तीन घड्यांचा पुठ्ठा, आतून मला काहीतरी सापडेल अशी खात्री होती. खुणा, चिठ्ठ्या, आधीच ठरवलेले आकडे. काही नव्हतं. कोरा.

पिंकी दाराशीच उभी होती. म्हणाली, "काका, तुम्ही काय शोधताय मला माहीत आहे. पप्पांना आकडा दिसतच नव्हता."

दोन वर्षं. शुगरनं डोळे गेले. मी जन्मभर उसाच्या रसातली साखर दोन दशांशापर्यंत मोजली आणि तुझ्या रक्तातली एकदाही विचारली नाही. पुस्तक दुपारी गिऱ्हाईक नसताना पिंकी मोठ्यानं वाचायची, तू ऐकून पाठ करायचास. पासष्ट पानांची खाण तू पाठ केली होतीस. फासा टाकून अंगठ्यानं आकडा वाचायचास. "बहुतेक वेळा कळायचा," ती म्हणाली. "पण काही बाजू चटकन लागायच्या नाहीत. नाही कळला की पप्पा वार हुकवायचे. मी विचारलं होतं का. तर म्हणाले, डोळे माझे खराब, मग मरायचं त्यांनी का?"

बापू, मी तिथंच रडलो. आणि त्याच वेळी, माझं डोकं काय मातीचं आहे बघ, मी मनात सगळं जुळवत होतो. पानं दुप्पट मोठ्या ए-थ्री कागदावर छापायला लागलास तेव्हा मला वाटलं शायनिंग मारतोय. मोटरसायकल विकलीस, मी म्हटलं कंजूष झाला. सूत्रधारानं मोठ्यानं वाचून दाखवायचा चौकटीतला मजकूर मला वाचायला लावायचास, 'तुन्हा आवाज चांगला शे' म्हणून, आणि मी फुशारून वाचायचो. मोठे कोरलेले फासे आले तेव्हा मी त्यात वजन शोधलं. इतक्या वर्षांत मी प्रत्येक गोष्टीवर संशय घेतला आणि जिथं घ्यायला हवा होता ती एकच गोष्ट सोडली.

का सांगितलं नाहीस ते विचारायची गरज नाही. स्वतः वाचलं नाही त्यानं गुण द्यायचे नाहीत. पावरा सरांचं नाव मी कसं खोडलं ते तू समोर बसून पाहिलं होतंस. तुला वाटलं, पुढचं नाव आपलं. तसं झालं असतं का? मला 'नाही' म्हणायचंय. पण त्या वेळचा मी ओळखीचा आहे माझ्या, म्हणून खात्रीनं नाही म्हणवत.

आता यावर कुणीही शहाणा माणूस थांबला असता. मी तुझे फासे घरी आणले. माझा संशय आता पिंकीवर. बापाचं नाव राखायला पोरगी काहीही सांगेल. डोळ्यांना रुमाल बांधून आठ दिवस मी अंगठ्यानं आकडे वाचायचा सराव केला. सुरेखानं बायकोच्या हक्कानं सांगितलं, तुमचं काही खरं नाही. पहिल्या दिवशी एकही धड कळेना. आठव्या दिवशी निम्म्याहून जास्त अचूक. माझ्यासारख्या आडदांड अंगठ्याला आठवड्यात एवढं जमलं तर तुला दोन वर्षांत किती जमत असेल? म्हणजे पिंकीचं खरं होतं, आणि तिचं खरं असेल तर अकराच्या अकरा वेळा आकडा न कळणं शक्य नव्हतं. माझा हिशेब परत येऊन तिथंच बसला. मी बरोबर होतो, बापू. मला बरोबर असण्याचा इतका कंटाळा कधी आला नव्हता.

गेल्या रविवारी मी पावरा सरांना बोलावलं. पुठ्ठा काढून ठेवला. पिंकी सूत्रधार झाली, खाण तिलाही पाठच होती. तीच पहिली खोली, तीच पात्रं, फासा सगळ्यांसमोर. तासही लागला नाही. यंत्रानं माझं पात्र तिसऱ्या वाराला मारलं, पावरा सरांचं पाचव्या. पिंकीनं पुस्तक मिटलं. टुकार मोहीम होती ती. लेखकानं ती खोली कुणाला खेळवून पाहिलेलीच नाही. साडेआठ गुण मी कशाला दिले होते?

"म्हणजे तेव्हा आपण दोघंही त्याच्या कृपेनं वाचलो," मी म्हटलं.

पावरा सरांनी माझ्याकडे नवलानं बघितलं. "मी कुठं वाचलो? माझं पात्र पहिल्याच खोलीत मेलं होतं की अरुण सर. दुसऱ्या रविवारी मी नवीन पात्र घेऊन आलो. तुम्ही विसरले?"

विसरलो होतो. वहीत मी फक्त माझ्यावरचे वार मांडले होते. त्यांच्यावरचे त्यांनी सांगितले. सहा वार, त्यातले चार लागले. तोच फासा, तोच अंगठा.

"मग माझ्यावरचे सगळे का हुकले?"

पावरा सरांनी हातातला फासा टेबलावर ठेवला. जमिनीकडे बघत म्हणाले, "त्या आठवड्यात सुरेखा वहिनींचा रिपोर्ट यायचा होता ना नाशिकहून. बापूंनी मला आधी बाहेर बोलावून सांगितलं होतं. म्हणाले, सर, आज तुमचं पात्र मेलं तर राग नका धरू, पण अरुणचं मी मरू देणार नाही. त्याला आज कुणी मेलेलं चालायचं नाही." मग म्हणाले, "मला वाटलं तुम्हाला कळलं असेल."

मला कळलं नव्हतं. मला आठवतं ते इतकंच की सुरेखाच्या छातीतल्या गाठीचा तुकडा तपासायला गेला होता, घरात दोघं एकमेकांशी बोलत नव्हतो, आणि त्या रविवारी शहाद्याला तुझ्या त्या खोलीत आलो ते चार तास मी चंद्रावर होतो. दुसऱ्या रविवारच्या आधी रिपोर्ट आला, साधी गाठ निघाली. मी तुला ते उभ्या उभ्या सांगितलं आणि लगेच म्हटलं, चल, पुढची खोली. तू पाठ फिरवून बराच वेळ पंख्याचं बटण शोधत होतास. तेव्हा मला वाटलं, ह्याला ऐकून काहीच वाटलं नाही.

लबाड माणसा. तू फासा चोरलास. आकडा कळूनही चोरलास, जाणूनबुजून, ठरवून, साक्षीदार ठेवून. माझा संशय शंभर टक्के खरा होता. आणि मिरजेच्या पोरीचं पात्र आपल्या दोघांमुळे मेलं, तुझ्या मायेमुळे आणि माझ्या साडेआठमुळे, हेही तितकंच खरं आहे. तुझे उपकार मानायचे म्हटले तरी ते तिच्या समोर मानायला मला जड जातं. पण मानतो. त्या रविवारानं मला धरून ठेवलं होतं, आणि कोणी धरलंय हे मला आज कळतंय.

दुरुस्ती छापायची म्हणजे सगळं सांगावं लागणार. म्हणून काल तुझ्या घरी वहिनींना विचारायला गेलो. त्या तांदूळ निवडत होत्या. मी सांगितलं, तुझे डोळे, पिंकीचं वाचन, फासे, सगळं पानावर येईल, दोन वर्षांच्या सगळ्याच परीक्षणांवर लोक बोट ठेवतील. नको म्हणाल तर नाही लिहिणार. त्यांनी सूप खाली ठेवलं. "लिखा भाऊ," म्हणाल्या. "पन आंधया लिखू नका. तेस्ले कमी दिखे, असं लिखा."

तसंच लिहिलं. आज दुपारी तुझ्याच दुकानातल्या कम्प्यूटरवर, मी सांगत गेलो आणि पिंकी टाइप करत गेली. सूत्रधाराला कमी दिसत होतं. तो पुस्तकं ऐकून पाठ करत होता आणि अंगठ्यानं फासे वाचत होता. या मोहिमेत त्यानं एका खेळाडूवरचे वार मुद्दाम हुकवले. तो खेळाडू मी, आणि परीक्षणही मीच लिहिलं. मिरजेच्या मुलीची मी माफी मागतो. चूक तिच्या पात्राची नव्हती, खोलीची होती.

"पुस्तकाला किती टाकू?" पिंकीनं विचारलं.

"वाचताना पाच. खेळताना तीन."

तिनं टाकले. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "आणि पप्पांनी जसं खेळवलं, त्याला?"

मी म्हटलं, ते मला देता येत नाहीत. ज्याच्यासाठी फासा चोरला त्यानं गुण द्यायचे नसतात.

"मंग रिकामं ठेवू?"

"ठेव," मी म्हटलं.